चंद्रपूर-गडचिरोलीतील मुलांचे बोलणे आणि वाचा-उपचार सहायक

मुलांच्या बोलण्यातील व भाषेतील अडचणींचे निदान करून उपचार आखणाऱ्या व्यक्तीला वाचा-उपचारतज्ज्ञ, आणि रोजच्या व्यवहारात स्पीच थेरपिस्ट, असे म्हणतात. त्या तज्ज्ञाने आखलेला उपचार मुलासमोर बसून प्रत्यक्षात उतरवणारा, तो मुलाच्या आईला किंवा आजीला शिकवणारा आणि त्याची नोंद ठेवणारा कर्मचारी म्हणजे वाचा-उपचार सहायक. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आणि अमेरिकेत हे स्वतंत्र पद असून त्याच्या अधिकारांच्या सीमा लेखी ठरलेल्या आहेत. भारतात हे पदनाम तितकेसे रूढ नसले, तरी हे काम श्रवणमापन सहायक, श्रवणबाधित बालकांचा प्रशिक्षक, विशेष शिक्षक अशा निरनिराळ्या नावांखाली जिल्हा रुग्णालयांतून चालत आले आहे, आणि चंद्रपूर व गडचिरोलीसारख्या वनजिल्ह्यांत त्याचे महत्त्व शहरातल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

हे महत्त्व समजण्यासाठी या उपचाराचे स्वरूप आधी लक्षात घ्यावे लागते. शस्त्रक्रिया एकदा होते, औषधाचा कोर्स दहा-पंधरा दिवसांत संपतो, पण बोलणे शिकवण्याचा उपचार महिनोन्महिने, थोडाथोडा आणि रोज करावा लागतो, कारण मूल एखादा आवाज किंवा शब्द शेकडो वेळा ऐकून, शेकडो वेळा चुकत म्हणून पाहूनच आत्मसात करते. त्यामुळे महिन्यातून एकदा अर्धा तास तज्ज्ञाला भेटून घरी परतलेल्या मुलाच्या बोलण्यात सहसा फरक पडत नाही, आणि पडलाच तर त्याचे श्रेय मधल्या एकोणतीस दिवसांत घरी कोणी काय केले याला असते. आता गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या १०,७२,९४२ आणि घनता चौरस किलोमीटरला अवघी ७४. जिल्ह्याच्या ठिकाणापासून भामरागड सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आणि सिरोंचा दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, मग तिथल्या मुलाने दर आठवड्याला रुग्णालयात यावे असा सल्ला कागदावर कितीही बरोबर असला तरी निरर्थक ठरतो.

वाचा आणि भाषा या दोन वेगळ्या क्षमता आहेत, हा भेद या क्षेत्रातील पहिला धडा मानला जातो. फुप्फुसातून येणारी हवा, स्वरयंत्र, टाळू, जीभ व ओठ यांच्या मेळातून आवाज घडवण्याच्या क्रियेला वाचा म्हणतात, तर शब्दांचा अर्थ समजणे, ते योग्य क्रमाने जोडणे आणि त्यातून आपले म्हणणे मांडणे ही भाषा होय. त्यामुळे बोबडे बोलणाऱ्या पण घरातल्या सगळ्या गोष्टी समजणाऱ्या मुलाची अडचण वाचेची असू शकते, तर स्पष्ट उच्चार करूनही दोन शब्दांपलीकडे वाक्य न जोडू शकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाची अडचण भाषेची असते. गावात मात्र दोघांनाही ‘जीभ जड आहे’ असे एकच निदान मिळते आणि वेखंड उगाळून मधात चाटवण्याचा एकच उपाय होतो. सर्वसाधारणपणे मूल सहा महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा’सारखे आवाज काढू लागते, वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द बोलते आणि दोन वर्षांचे होईपर्यंत दोन शब्द जोडते, हे टप्पे फार मागे पडले तर कारण शोधणे आवश्यक असते, आणि तो शोध कानापासून सुरू करायचा असतो.

जन्मतः दोन्ही कानांनी लक्षणीय कमी ऐकू येणारी बालके जगभरात दर हजार जन्मांमागे साधारण एक ते दोन असतात. शिवाय जन्मानंतरची तीव्र कावीळ, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि मेंदूज्वर यांनीही श्रवणशक्ती जाऊ शकते, तर वारंवार कान फुटल्याने आणि वाहत राहिल्याने ऐकू येण्यात चढउतार होत राहतात, ज्याकडे घरात ‘लक्ष देत नाही’ म्हणून दुर्लक्ष होते. जन्माच्या वेळी रडण्यास उशीर झालेल्या, म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बालकात पुढे सेरेब्रल पाल्सी, अर्थात स्नायूंवरील मेंदूचे नियंत्रण बिघडण्याची अवस्था, उद्भवू शकते, आणि तीत गिळणे व बोलणे दोन्ही अवघड होतात. गडचिरोलीच्या संदर्भात मलेरियाचाही उल्लेख करावा लागतो. फॅल्सिपेरम मलेरिया मेंदूपर्यंत पोहोचून बेशुद्धी आलेली मुले वाचली, तरी त्यांच्यापैकी काहींत पुढे भाषेच्या अडचणी राहतात, असे केनियातील अभ्यासांत आढळून आले आहे. म्हणून अशा मुलाला घरी सोडताना ताप उतरल्याची नोंद पुरेशी नसते, त्याच्या बोलण्याची पुनर्तपासणीही व्हायला हवी.

दुभंगलेला ओठ आणि टाळू हे कारण सर्वांत ठळक, कारण ते जन्मतःच दिसते. सुमारे सातशे जन्मांमागे एका बालकात ते आढळते आणि गरोदरपणात ग्रहण पाहिल्याचा दोष आजही अनेक ठिकाणी आईच्या माथी मारला जातो. ओठ शिवला की चेहरा सुधारतो आणि कुटुंबाला काम संपल्यासारखे वाटते, परंतु बोलण्याच्या दृष्टीने खरा प्रश्न टाळूचा असतो. टाळूला भोक असेल किंवा तो आखूड असेल तर ‘प’, ‘ब’, ‘त’, ‘क’ यांसारख्या, तोंडात हवेचा दाब साठवून सोडाव्या लागणाऱ्या व्यंजनांची हवा नाकातून निसटते, आणि मूल त्यांच्याऐवजी घशातच आवाज अडवण्याची सवय लावून घेते. म्हणूनच टाळूची शस्त्रक्रिया शक्यतो दीड वर्षाच्या आत व्हावी असा प्रयत्न असतो. उशीर झाला तर शिवलेला टाळू उत्तम असूनही घशातली सवय तशीच राहते, आणि ती मोडण्याचे काम शल्यचिकित्सकाचे नसून वाचा-उपचाराचे असते. अशा मुलाच्या नाकाखाली थंड आरसा धरून त्याला ‘पापा’ म्हणायला लावले आणि आरशावर बाष्प जमले, तर हवा नाकातून जात असल्याचे कळते. इतक्या साध्या साधनाने सहायक दर भेटीत प्रगती तपासू शकतो. शिट्ट्या वाजवणे, फुगे फुगवणे, मेणबत्ती विझवणे असे व्यायाम अनेक ठिकाणी हौसेने करून घेतले जातात, मात्र त्यांनी उच्चार सुधारतात याला पुरेसा आधार नाही. ‘प’ म्हणायला शिकण्यासाठी ‘प’च म्हणावा लागतो, आणि फुग्यांत गेलेला वेळ मुलाच्या खऱ्या सरावातून वजा होतो.

रुग्णालयातील सहायकाचे दिवसाचे काम बाहेरून खेळासारखे दिसते, आणि तसे ते दिसलेच पाहिजे. एक मूल श्रवणयंत्र घेऊन आलेले असते. प्रथम यंत्राची बॅटरी चालू आहे का, कानात बसणारा साचा मळाने बुजला आहे का हे पाहायचे, मग मुलाच्या मागे उभे राहून ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’, ‘म’, ‘श’, ‘स’ हे सहा आवाज एकेक करून म्हणायचे आणि ऐकू आल्यावर त्याने डब्यात ठोकळा टाकायचा. डॅनियल लिंग या श्रवणशिक्षणतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी फार उपयोगी आहे, कारण खर्जातल्या ‘म’पासून तीव्र ‘स’पर्यंतचे हे आवाज बोलण्यातील संपूर्ण ध्वनिपट्टा व्यापतात आणि कोणता आवाज निसटतो यावरून यंत्रातील बिघाड दोन मिनिटांत लक्षात येतो. त्यानंतर सेरेब्रल पाल्सीचे एखादे मूल येते, जे बोलू शकत नाही पण बोट किंवा नजर चित्राकडे नेऊ शकते. त्याच्यासाठी भूक, पाणी, दुखते, नको, आणखी अशा चित्रांचा संवाद-तक्ता वापरला जातो. त्या तक्त्याने मूल आळशी होईल आणि बोलणार नाही, ही पालकांची भीती सहायकाला पुन्हा पुन्हा दूर करावी लागते, कारण चित्रांच्या आधाराने संवाद साधणाऱ्या मुलांचे बोलणे त्यामुळे खुंटत नाही.

या कामाच्या कक्षेबाहेर काय राहते, हेही स्पष्ट असले पाहिजे. निदान करणे, उपचाराची दिशा बदलणे, मूल पुढे किती बोलू लागेल याचे भाकीत पालकांना सांगणे आणि गिळण्याच्या अडचणीचे मूल्यमापन करणे ही कामे तज्ज्ञाचीच आहेत. यांपैकी शेवटची बाब सर्वांत धोक्याची, कारण गिळताना अन्न श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो आणि काही मुलांत अशा वेळी खोकलादेखील येत नाही. दूरच्या जिल्ह्यात तज्ज्ञ आठवडाभर उपलब्ध नसला की ही सीमा ओलांडण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि प्रशासनालाही ते सोयीचे वाटते. सहायकाची नेमणूक करून तज्ज्ञाचे पद रिक्त ठेवणे ही काटकसर मुलांच्या जिवावर उठणारी आहे.

मात्र एका बाबतीत या जिल्ह्यांतील सहायक तज्ज्ञापेक्षा अधिक जाणकार ठरू शकतो, आणि ती बाब म्हणजे मुलाची घरची भाषा. गडचिरोलीच्या उत्तर भागात आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात झाडीबोली, दोन्ही जिल्ह्यांत गोंडी, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींतून बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, तर राजुरा-जिवतीच्या डोंगराळ भागात कोलामी आणि बंजारा अशा भाषा घराघरांतून बोलल्या जातात. माडिया गोंड आणि कोलाम हे महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी दोन आहेत, तिसरा समूह कातकऱ्यांचा. पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात शिकलेला तज्ज्ञ यांपैकी बहुतेक भाषांना परका असतो.

या परकेपणाचे परिणाम थेट निदानावर होतात. झाडीबोलीत ‘ण’, ‘ळ’, ‘श’ हे आवाज नाहीत, त्यामुळे ‘पानी’ किंवा ‘डोरा’ म्हणणारे सहा वर्षांचे मूल आपल्या घरची भाषा अचूक बोलत असते आणि त्याला ‘पाणी’, ‘डोळा’ असे म्हणायला लावणे हा उपचार होऊ शकत नाही. गोंडी, माडिया, कोलामी आणि तेलुगू या द्रविड कुळातील भाषांच्या मूळ शब्दांत महाप्राण व्यंजने सामान्यतः नसतात, म्हणून त्या घरांतील मूल मराठीतला ‘भ’ हा ‘ब’सारखा आणि ‘ध’ हा ‘द’सारखा उच्चारते. लिंगाचा प्रश्न तर याहून मोठा आहे. मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगे आहेत. गोंडीत पुरुषवाचक आणि इतर अशी दोनच विभागणी आहे, आणि बंगालीत व छत्तीसगढीत व्याकरणिक लिंग जवळजवळ नाहीच. म्हणजे या दोन जिल्ह्यांत मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणारे जवळपास प्रत्येक मूल मराठीच्या लिंगव्यवस्थेत अडखळणार, आणि मराठी व्याकरणावर बेतलेली चाचणी त्या अडखळण्याची नोंद भाषादोष म्हणून करणार. उलट दिशेची चूकही तितकीच घडते: आश्रमशाळेत दाखल झाल्यावर गप्प झालेले मूल ‘आदिवासी आहे, लाजते’ म्हणून सोडून दिले जाते आणि त्याला मुळात ऐकूच येत नाही, हे दोन-तीन वर्षांनी कळते. नव्या भाषेच्या वातावरणात मूल काही महिने बोलत नाही हे खरे, पण त्या काळातही ते मातृभाषेत भावंडांशी बोलत असते. तेव्हा ते घरी कसे बोलते, हा प्रश्न आईला तिच्या भाषेत विचारणे ही येथील सर्वांत मोलाची चाचणी ठरते. तिला जोड म्हणून मुलाला दोन-चार नवे शब्द शिकवून ते किती लवकर उचलते हे पाहता येते, कारण ज्याची शिकण्याची क्षमता शाबूत आहे असे मूल कोणत्याही भाषेतला नवा शब्द थोड्या सरावात पकडते.

‘घरी फक्त मराठी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळते’ हा सल्ला शिक्षकांकडून आणि काही डॉक्टरांकडूनही सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. दोन भाषा ऐकल्याने भाषाविकासात दोष निर्माण होत नाही, याबाबत जगभरातील भाषा-उपचारतज्ज्ञांत एकमत आहे. उलट जिला मोडकेतोडके मराठी येते अशा माडिया आईने मराठीतच बोलायचे ठरवले, तर ती मुलाशी कमी बोलते, गोष्ट सांगत नाही, गाणे म्हणत नाही, आणि मुलाला मिळणारी समृद्ध भाषा आटते. हेमलकशाला २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना प्रथम माडिया शिकावी लागली, कारण रुग्णाला काय होते हे त्याच्याच भाषेत ऐकावे लागते. पोटदुखीच्या बाबतीत जे खरे, ते भाषेच्याच दुखण्याबाबत किती अधिक खरे असेल!

तथापि भाषा येणे आणि तज्ज्ञासाठी दुभाष्याचे काम करणे यांत अंतर आहे, आणि ते प्रशिक्षणानेच भरून निघते. साधा दुभाषी मुलाचे अर्धवट वाक्य ऐकतो, अर्थ लावतो आणि सद्भावनेने ते पूर्ण व शुद्ध करून सांगतो. त्या क्षणी निदानाला आवश्यक असलेली चूकच पुसली जाते. प्रशिक्षित सहायकाने मूल काय म्हणाले, कोणता शब्द गाळला, कोणता प्रत्यय चुकला, हे जसेच्या तसे सांगायचे असते, आणि प्रश्न विचारताना हातवारे किंवा नजर यांतून उत्तर सुचवायचे नसते. चित्रांचीही अशीच काळजी घ्यावी लागते, कारण शहरात तयार झालेल्या चित्रसंचांतील लिफ्ट किंवा आगगाडी न ओळखणारे मूल टोपली, मोहफूल, बैल आणि बांबू हे सहज ओळखते. त्यामुळे स्थानिक चित्रसंच तयार करणे हा सहायकाच्या कामाचाच भाग मानला पाहिजे.

बालरुग्ण विभागात सहायकाला आणखी एक जागा आहे, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ती म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्र. अतितीव्र कुपोषित बालक आईसह तिथे सुमारे दोन आठवडे राहते. अशा बालकाच्या उपचाराच्या, जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या दहा पायऱ्यांपैकी नववी पायरी संवेदनांना चालना आणि भावनिक आधार अशी आहे, म्हणजे खेळणे व बोलणे हा त्या उपचाराचा अधिकृत अंश आहे. जमैकातील किंग्स्टन येथे १९८६-८७ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगात खुरटलेल्या १२९ बालकांपैकी काहींच्या घरी स्थानिक आरोग्य सेविका दर आठवड्याला जाऊन आईला मुलाशी खेळायला आणि बोलायला शिकवत असत. दोन वर्षे चाललेल्या या भेटींचा लाभ मिळालेली मुले वीस वर्षांनंतर, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमावत असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्या सेविका तज्ज्ञ नव्हत्या. त्यांना काम शिकवलेले होते आणि त्यांच्यावर देखरेख होती.

गडचिरोलीला याचा पुरावा जमैकात शोधण्याची गरज नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, त्यांनी ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली, आणि बालमृत्यूंत झालेली मोठी घट डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे २०११ पासून हीच पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर गेली. वाचलेल्या बालकांपैकी ज्यांना जन्मतः इजा झाली होती, त्यांच्या बोलण्या-ऐकण्याकडे पाहणारी तशीच साखळी उभारणे हा त्या कामाचा स्वाभाविक पुढचा टप्पा आहे. रुग्णालयातील सहायकाने आशा व अंगणवाडी सेविकेला घरच्या सरावाचा आराखडा समजावून द्यायचा, आणि तो आराखडा हंगामाला धरून असायचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचताना ‘आणखी एक’, ‘आत टाक’, ‘मोठे-लहान’ हे शब्द शंभर वेळा येतात. मे महिन्यातील तेंदूपत्त्याच्या आणि पावसाळ्यातील रोवणीच्या दिवसांत आईला रुग्णालयात बोलावणे म्हणजे तिची मजुरी बुडवणे. त्या काळात भेटीची तारीख देणाऱ्या केंद्राने मूल आले नाही म्हणून पालकांना बेफिकीर ठरवू नये.

शासकीय रचनेत या कामासाठी जागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली, आणि त्यात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची कल्पना असून बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि श्रवण व वाचा-उपचारतज्ज्ञ एका छताखाली असावेत अशी अपेक्षा आहे. सहायकाच्या पातळीवरील शिक्षण म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली श्रवण, भाषा व वाचा या विषयांतील एक वर्षाची पदविका बारावीनंतर करता येते. उणीव राहते ती भरतीच्या निकषांत. उमेदवाराला गोंडी, माडिया किंवा तेलुगू येते का, हा प्रश्न गुणपत्रिकेच्या बरोबरीने विचारला गेला पाहिजे, आणि जिल्ह्यातल्याच आदिवासी विद्यार्थ्यांना ही पदविका घेण्यासाठी शिष्यवृत्ती व परतल्यावर पद यांची हमी मिळाली पाहिजे. बाहेरून आलेला कंत्राटी कर्मचारी पहिली संधी मिळताच बदलून जातो आणि त्याच्याबरोबर मुलांची ओळखही जाते.

ज्या पालकांचे मूल दीड वर्षाचे होऊनही एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही किंवा मागून हाक मारल्यावर वळत नाही, त्यांनी ‘वडीलही उशिराच बोलले होते’ या समजुतीवर थांबू नये. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, तपासणी आणि पुढील उपचार विनामूल्य असतात, आणि पथक येण्याची वाट न पाहता आशा सेविकेमार्फत किंवा थेट जिल्हा रुग्णालयात जाऊन मुलाचे कान कधीही तपासून घेता येतात.